शेवटच्या वर्षाचा प्रकल्प: शासन निर्णयांसाठी मराठी शोधयंत्र

नवाकोरा:
संगणक अभियांत्रिकी, सातवे सत्र, चौघांचा गट. विषय मंजूर झाला आहे: महाराष्ट्र शासनाचे शासन निर्णय (जीआर) उतरवून घ्यायचे आणि त्यांच्या आतल्या मजकुरात मराठीतून शोधायची सोय करायची. सध्या शिक्षण आणि कृषी विभागांचे मिळून साधारण ६,००० पीडीएफ आहेत. पायथन, सायकिट-लर्न लायब्ररीतला शब्द मोजणारा काउंटव्हेक्टरायझर, त्यावर टीएफ-आयडीएफ (शब्दांचे वजन) आणि कोसाइन (साम्याचे माप), एवढे लावून पाहिले. 'अनुदान' शोधले की 'अनुकंपा' आणि 'अनुभव' असलेले निर्णय वर येतात. मार्गदर्शक म्हणतात बर्ट (आधीच शिकवलेले भाषा-मॉडेल) लावा, सुटेल.

प्रश्न तीन. हे असे का होते? मराठीसाठी स्टेमर (प्रत्यय काढून शब्दाचे मूळ देणारा) कोणता घ्यावा? आणि पहिल्या आढाव्याला परीक्षक 'अचूकता किती' विचारणार, तर ती मोजायची कशी?

अक्षरगणक:
पहिल्याचे उत्तर सोपे आहे. तुमचा शोध बिघडलेला नाही, शब्दच तुटलेले आहेत. काउंटव्हेक्टरायझर शब्द वेगळे करायला 'बॅकस्लॅश डब्ल्यू' वापरतो. हा 'शब्दातले चिन्ह' अशा अर्थाचा संकेत; पायथनच्या मूळ रेजेक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधण्याच्या सोयीत) त्यात अक्षरे आणि अंक येतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांपैकी काहीही येत नाही. मात्रा आली की शब्द संपला असे तो धरतो. वर दोनपेक्षा कमी चिन्हांचे तुकडे फेकून देतो. म्हणून 'अनुदान'चे उरते फक्त 'अन'. 'अनुभव' आणि 'अनुकंपा' यांच्यातही तोच 'अन' असतो. 'शेतकरी'चे 'तकर' होते. तुमच्या शब्दसूचीतले पहिले शंभर शब्द छापून पाहा, लगेच दिसेल.

उपाय: टोकन_पॅटर्न या पर्यायात (शब्द कसा ओळखायचा ते इथे सांगतात) देवनागरीचा पूर्ण पट्टा द्या (यू+०९०० ते यू+०९६३, अंकांसाठी यू+०९६६ ते यू+०९६एफ, पुढे यू+०९७० ते यू+०९७एफ). यू+०९६४ आणि यू+०९६५ हे दंड आहेत, ते वगळा. किंवा 'रेजेक्स' नावाचे वेगळे पॅकेज घ्या, त्याला मात्रा कळतात.

पुढे एसक्यूलाइट डेटाबेसच्या एफटीएस५ या शोधसुविधेवर जाणार असाल तर तिथेही हाच खड्डा आहे. त्याचा युनिकोड६१ टोकनायझर (शब्द वेगळे करणारा भाग) मुळात अक्षरे, अंक आणि खासगी वापराची चिन्हे एवढीच धरतो. कॅटेगरीज या पर्यायात एमएन आणि एमसी हे युनिकोडचे मात्रा-चिन्हांचे दोन वर्ग आपण घालायचे. इलॅस्टिकसर्च या शोधयंत्राचा स्टँडर्ड टोकनायझर मात्र शब्द तोडत नाही.

बर्टबद्दल: बहुभाषक बर्टचे 'अनकेस्ड' (इंग्रजीतला कॅपिटल-स्मॉल भेद पुसणारे) रूप चुकूनही घेऊ नका. ते स्वरचिन्हे काढताना आपली एमएन वर्गातली चिन्हे (उकार, एकार, अनुस्वार, हलन्त) पुसून टाकते. 'मुंबई'चे 'मबई' होते. 'केस्ड' घ्या. एआय४भारत या गटाच्या जुन्या इंडिकबर्ट मॉडेलमध्ये 'कीप_अ‍ॅक्सेंट्स' हा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो, तोही याच कारणाने. थोडक्यात, बर्ट लावून हा प्रश्न सुटला नसता, त्याच्या पोटात लपला असता.

दुपारचा_चहा:
वाचनखूण साठवली. 'तकर' वाचून हसू आले, पण असल्या शब्दसूचीचा ढगचित्र-आलेख प्रकल्प अहवालात छापलेला पाहिला आहे.

रेफ_आणि_रफार:
टोकनायझर सुधारला तरी शब्द जुळायचे नाहीत, कारण एकच शब्द चार प्रकारे टंकलेला असतो. सूची करण्याआधी मजकूर एकसारखा करून घ्या, आणि याच क्रमाने:

१. युनिकोडचे एनएफसी रूप (सुटी चिन्हे जोडून ठरलेले एक चिन्ह करणारे). यात र + नुक्ता (खालचे टिंब) यांचा ऱ होतो.
२. र + हलन्त + शून्य-रुंदीचा जोडक (झेडडब्ल्यूजे, यू+२००डी) हे जिथे दिसेल तिथे ऱ + हलन्त करा. 'शेतकऱ्यांना' हा शब्द दोन्ही पद्धतींनी टंकलेला सापडतो; पडद्यावर फरक दिसत नाही, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात.
३. मगच उरलेले जोडक, अजोडक, न तुटणारी जागा वगैरे काढा. २ आणि ३ ची अदलाबदल केली तर 'शेतकऱ्यां'मधल्या र चा रफार होऊन 'शेतकर्यां' उरते आणि परत फिरायची वाट नसते.
४. ॲ. हा यू+०९७२ वर युनिकोड ५.१ मध्ये, म्हणजे २००८ मध्ये आला. त्याआधीचा आणि नंतरचाही बराच मजकूर अ + चंद्र किंवा हिंदी धाटणीच्या ऍ ने लिहिलेला आहे. एनएफसी हे तिन्ही एक करत नाही. अ + काना (आ) आणि अ + ऑकार (ऑ) यांचेही तेच. आठ-दहा ओळींचा तक्ता स्वतः लिहा.
५. देवनागरी आणि इंग्रजी अंक एका रूपात.
६. 'ध्द'चे 'द्ध'. शासकीय मजकुरात 'शुध्दिपत्रक', 'प्रसिध्द' असे पदोपदी असते.
७. विसर्गाच्या जागी साधा अपूर्णविराम: 'अंशत:', 'नि:शुल्क', 'स्वत:'. सरसकट बदलू नका, 'विषय:' आणि 'दिनांक:' यांचाही विसर्ग होईल. वीस-पंचवीस शब्दांची यादी पुरते. 'अंशतः अनुदानित शाळा' हा शिक्षण विभागातला नेहमीचा शब्दप्रयोग आहे, तो यादीत हवाच.

ल्युसीन या शोध-लायब्ररीचा हिंदी विश्लेषक तसाच उचलून लावू नका. त्यातला सामान्यीकरणाचा टप्पा हलन्त पुसतो, दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करतो आणि नुक्ताही काढतो. त्यामागे हिंदीची कारणे आहेत. पुढचा स्टेमर तर हिंदीचेच प्रत्यय शोधतो.

कोष्टक:
याच्याही आधीचा प्रश्न: पीडीएफमधून मजकूर नीट निघतो का? काही निर्णय युनिकोडात असतात, काही जुन्या फॉन्टांत, काही नुसते स्कॅन. प्रत्येक पानासाठी दोन आकडे काढा. पहिला, एकूण अक्षरांत देवनागरी किती टक्के. दुसरा, मात्रेने सुरू होणारे शब्द किती टक्के ('िशक्षण' असे). पहिला ६० च्या खाली गेला किंवा दुसरा २ च्या वर गेला तर त्या पानाच्या मजकुरावर विश्वास ठेवू नका. पान ३०० डीपीआयने चित्रात बदलून टेसरॅक्टला (चित्रातला मजकूर वाचणाऱ्या प्रणालीला) द्या, भाषेचा संकेत 'मार' (एम-ए-आर). ६० आणि २ हे आकडे सुरुवातीचे समजा, शंभरेक पाने डोळ्यांनी पाहून हलवा.

टेसरॅक्टच्या ठरलेल्या चुका: घ-ध, भ-म, ब-व, ख-चे 'रव', आणि गळलेले अनुस्वार. तक्ते असलेल्या पानांवर ओळी एकमेकींत मिसळतात. दोन महिने तक्ते सरळ करण्यात घालवू नका, शोधासाठी शब्द मिळाले की पुरे.

आता निर्णयाची रचना. वर विभाग, क्रमांक, दिनांक. मग 'वाचा', 'प्रस्तावना', 'शासन निर्णय' आणि शेवटी 'प्रत'. प्रतीच्या यादीत महालेखापाल, सर्व जिल्हाधिकारी, सर्व मुख्य कार्यकारी अधिकारी असे सगळे असतात. ती सूचीत घेतली तर 'जिल्हाधिकारी' या शब्दाला किंमतच उरत नाही. 'प्रत' पासून पुढचे कापा. 'राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' आणि 'संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून' हा ठरीव मजकूरही कापा. 'वाचा'मधले संदर्भ फेकू नका, वेगळ्या रकान्यात ठेवा. कोणता निर्णय कोणावर बसला आहे याचे जाळे त्यातून तयार होते, आणि अधिक्रमित झालेला जुना निर्णय निकालात खाली ढकलायला तेच उपयोगी पडते.

उतरवताना दोन विनंत्यांमध्ये दोन-तीन सेकंद सोडा, मूळ पीडीएफ संगणक संकेतांकाच्या (प्रत्येक निर्णयाला दिलेल्या क्रमांकाच्या) नावाने जपा, त्यात बदल करू नका. बाकी सगळे त्यातून पुन्हा बनवता आले पाहिजे.

नवाकोरा:
धन्यवाद. शब्दसूची छापली, पहिल्या शंभरांत एकही धड शब्द नाही. आता स्टेमर. तयार काही घ्यावे की लिहावे?

रेफ_आणि_रफार:
लिहा. परीक्षकापुढे उभे राहून प्रत्येक नियमाचे कारण सांगता येईल असा तो एकच भाग आहे. मराठीत प्रत्यय एकावर एक चढतात: 'घराबाहेरच्यांनाही' म्हणजे घरा + बाहेर + च्यां + ना + ही. सोलायचे ते उलट क्रमाने, बाहेरून आत:

आधी च, ही, सुद्धा, देखील.
मग विभक्ती: ला, ना, ने, नी, शी, हून, त, स.
मग चा-ची-चे-च्या आणि तील, मधील.
मग शब्दयोगी: साठी, करिता, मार्फत, पासून, पर्यंत, मध्ये, कडे, कडून, बाबत, अंतर्गत.

हा क्रम दोनदा फिरवा, कारण शब्दयोगीच्या आधी पुन्हा विभक्ती असू शकते. 'योजनेंतर्गत' आणि 'योजनेअंतर्गत' ही दोन्ही रूपे ध्यानात ठेवा.

उरलेल्या सामान्यरूपाचा कोशातला शब्द परत घडवायची गरज नाही. दोन्ही बाजू एका खुंटाला आणल्या की झाले. शेवटचे '्या' किंवा शेवटचा स्वर काढा, शेवटी ऱ उरला तर र करा, आणि आतले ईकार-ऊकार ऱ्हस्व करा. शेतकरी आणि शेतकऱ्यां, दोन्ही 'शेतकर'. कांदा, कांद्या: 'कांद'. जिल्हा, जिल्ह्या: 'जिल्ह'. कोल्हापूर, कोल्हापुरा: 'कोल्हापुर'. पाऊस-पावसा आणि देऊळ-देवळा यांच्यासाठी छोटी यादी.

खरे काम कुठे सोलायचे नाही हे ठरवण्यात आहे. 'त', 'ला', 'ने' हे प्रत्यय त्यांच्या आधी दीर्घ स्वर (आ, ई, ऊ, ए, ओ) किंवा त्यावर अनुस्वार असेल तरच काढा, कारण सामान्यरूप तसेच संपते. एवढ्या एका नियमाने पंचायत, सवलत, मुदत, भारत, दाखला, बंगला वाचतात. 'महिला' सुद्धा वाचते, कारण तिथे ला च्या आधीची वेलांटी ऱ्हस्व आहे. उरलेल्या भागात दोन अक्षरे हवीतच, म्हणजे 'शेत' आणि 'सोने' वाचतात. उरलेल्याच्या शेवटी हलन्त येत असेल तर हात लावू नका, म्हणजे 'किल्ला' वाचतो. 'संगीत' या सगळ्यांतून निसटते, ते अपवादात.

अक्षरगणक:
याची किंमतही सांगून ठेवतो. 'नागपूरला', 'कोल्हापूरला' यांत प्रत्ययाआधी दीर्घ स्वर नाही, ते न सोललेले राहतील. जिल्हे आणि तालुके यांची नावे वेगळ्या यादीत घाला, तिथे नियम सैल करा. दुसरे, 'अनुदाने'. हे अनेकवचन, पण वरचा नियम त्याचे 'अनुदा + ने' करून 'अनुद' उरवेल. 'दुकाने'चेही तसेच. म्हणून 'ने' काढण्याआधी तुमच्याच संग्रहात पाहा: 'अनुदान' हजारो वेळा आहे, 'अनुदा' जवळजवळ नाही. मग 'ने' नव्हे, फक्त एकार काढायचा. निर्णय संग्रहातल्या वारंवारितेवर सोडलात तर अपवादांची यादी निम्म्याने आटोपते.

टक्कर होणारच: माळ, माळा, माळी तिघे 'माळ' होतात, वाडा आणि वाडी 'वाड'. गावांची नावे शोधताना हे बोचेल. म्हणून मूळ शब्दाची सूची वेगळी ठेवा आणि मूळ रूप जुळल्यास जास्त गुण द्या.

स्वल्पविराम:
इतके व्याकरण कशाला? शब्दाची पहिली चार-पाच अक्षरे घ्या किंवा चार-चार अक्षरांचे एन-ग्राम (सलग तुकडे) पाडा, मराठीत बऱ्यापैकी चालते. न्यूशातेल विद्यापीठाच्या डोलामिच आणि सावोय यांनी २०१० मध्ये हिंदी, मराठी, बंगालीसाठी अशा पद्धती स्टेमरशी ताडून पाहिल्या होत्या.

अक्षरगणक:
तुलनेला ते हवेच, तुमची पायारेषा तीच. पण या संग्रहात एक गोची आहे. 'विनाअनुदानित'मध्ये 'अनुदानित'चे सगळे एन-ग्राम असतात. शिक्षण विभागाच्या निर्णयांत हे दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभे आहेत. शोधणारा शिक्षक अनुदानित शाळेचा असेल तर त्याला नेमके नको ते वर मिळेल.

आणि 'अक्षर' मोजताना सावध. 'स्त्री' ही युनिकोडच्या हिशेबात सहा चिन्हे. ग्राफीम (वाचणाऱ्याला एक वाटणारे अक्षर) मोजणाऱ्या जुन्या लायब्ररी तिचे तीन तुकडे करतात, युनिकोड १५.१ (२०२३) चा नियम पाळणाऱ्या नव्या लायब्ररी एक धरतात. अहवालात लायब्ररीची आवृत्ती लिहा, नाहीतर दोघांच्या लॅपटॉपवर दोन निकाल येतील.

मोजपट्टी:
तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी गेलेच नाही. 'अचूकता' हा आकडा इथे निरर्थक आहे. ६,००० निर्णयांपैकी एखाद्या प्रश्नाला २० उपयुक्त असतील, तर काहीच न दाखवणारी प्रणाली ९९.६७ टक्के अचूक ठरते. परीक्षकांना हेच गणित पहिल्या पानावर दाखवा, पुढचे प्रश्न चांगले येतील.

करायचे ते असे. ५० शोधप्रश्न लिहा. ते स्वतः रचू नका; शाळेचे लिपिक, ग्रामसेवक, कृषी सहायक यांना काय शोधावे लागते ते विचारा. प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळींत लिहून ठेवा की कोणता निर्णय उपयुक्त मानायचा आणि कोणता नाही. मग चार पद्धती चालवा: स्टेमरशिवाय बीएम२५ (जुळलेल्या शब्दांवरून गुण देणारे सूत्र), एन-ग्राम, तुमचा स्टेमर, आणि वाक्यांचे सदिश (बर्टसारख्या मॉडेलने वाक्याच्या अर्थासाठी दिलेल्या आकड्यांच्या रांगा). प्रत्येकीचे पहिले २० निकाल एकत्र करून पुनरावृत्ती काढा. प्रश्नामागे ४० जोड्या (प्रश्न आणि निर्णय) उरल्या असे धरा, म्हणजे एकूण २,०००. प्रत्येक जोडी दोघांनी तपासायची, म्हणजे ४,००० तपासण्या, चौघांत प्रत्येकी १,०००. एकीला अर्धा मिनिट धरले तर माणशी आठ तास वीस मिनिटे. चार संध्याकाळी. निकाल कोणत्या पद्धतीचा आहे हे तपासणाऱ्याला दिसता कामा नये.

मग कोहेनचा कप्पा (दोन तपासणाऱ्यांच्या सहमतीचे माप) काढा. उदाहरण: २०० जोड्या, दोघांचे 'उपयुक्त' ५०, दोघांचे 'नाही' १२०, फक्त पहिल्याचे 'उपयुक्त' १०, फक्त दुसऱ्याचे २०. सहमती ०.८५. योगायोगाने होणारी सहमती ०.३० × ०.३५ + ०.७० × ०.६५ = ०.५६. कप्पा = ०.२९ ÷ ०.४४ = ०.६६. ठीक आहे. ०.४ च्या खाली गेला तर दोष तपासणाऱ्यांचा नाही, प्रश्नाखालच्या त्या दोन ओळी मोघम आहेत. त्या सुधारून पुन्हा तपासा.

आकडे: एमएपी आणि पहिल्या दहांचा एनडीसीजी (उपयुक्त निकाल किती वर आले याची मापे), दोन्ही ट्रेक_इव्हल या साधनाने. पद्धतींची तुलना ५० प्रश्नांच्या जोड्या लावून, विल्कॉक्सन चाचणीने (फरक योगायोगाचा तर नाही, हे ती पाहते). एमएपीत ०.०२ चा फरक पडला म्हणून लगेच 'आमचा स्टेमर श्रेष्ठ' लिहू नका. बीएम२५ चे के१ = १.२ आणि बी = ०.७५ ठेवा. बदलायचेच असतील तर २५ प्रश्नांवर बदला आणि उरलेल्या २५ वर मोजा.

स्टेमर दुसऱ्या संग्रहावरही तपासायचा असेल तर 'फायर'चा मराठी संग्रह पाहा: २००८ पासूनचा उपक्रम, महाराष्ट्र टाइम्स आणि सकाळमधल्या सुमारे एक लाख बातम्या, सोबत ५० प्रश्न आणि त्यांच्या तपासण्या.

कोष्टक:
सदिशांबद्दल दोन वाक्ये. ६,००० निर्णयांचे ५० हजार उतारे झाले आणि सदिश ७६८ लांबीचा, तर ५०,००० × ७६८ × ४ बाइट म्हणजे साधारण १५४ एमबी. त्यासाठी सदिश-डेटाबेस बसवू नका, नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीचा एक गुणाकार पुरतो. पुण्याच्या एल३क्यूब गटाचे मराठी वाक्यांसाठीचे मॉडेल घ्या, ते बर्टवरच बेतलेले आहे; उतारा ५१२ टोकनांच्या (मॉडेल पाडते त्या शब्द-तुकड्यांच्या) आत ठेवा. ओलांडला तर शेपूट गुपचूप कापले जाते, कुठलीही चूक दाखवली जात नाही.

दुपारचा_चहा:
मार्गदर्शकांना बर्ट हवे होते, ते असे मिळाले. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांच्या नादी मात्र लागू नका. ती ५० प्रश्नांची तपासलेली यादी परवान्यासह खुली ठेवलीत तर तिचा उपयोग पुढच्या गटांना होईल.

नवाकोरा:
बीएम२५ आणि सदिश यांचे निकाल क्रमांकांवरून एकत्र केले (आरआरएफ: प्रत्येक यादीतून १ ÷ (के + क्रमांक) एवढे गुण, के = ६०). आमच्या पडद्यावर क्रम छान दिसतो, ट्रेक_इव्हल मात्र एमएपी बीएम२५ पेक्षाही कमी देते. रन फाइलचे (ट्रेक_इव्हलला द्यायच्या निकालांच्या फाइलचे) सहाही रकाने तपासले, बरोबर आहेत.

मोजपट्टी:
गुण किती दशांशांपर्यंत छापता? ट्रेक_इव्हल तुमचा क्रमांकाचा रकाना बघतच नाही, गुणांवरून स्वतः क्रम लावते. आरआरएफमध्ये पहिल्याला १ ÷ ६१ = ०.०१६३९, दुसऱ्याला १ ÷ ६२ = ०.०१६१३. तीन दशांशांत दोघेही ०.०१६. बरोबरी झाली की दस्तऐवजाच्या नावावरून क्रम लागतो, आणि तुमची नावे संगणक संकेतांकाची, म्हणजे तारखेने सुरू होणारी. तुमची प्रणाली नकळत तारखेनुसार लागली आहे. आठ दशांश छापा.

नवाकोरा:
तीनच छापत होतो. आठ केले, आता बीएम२५ च्या वर आहे. विल्कॉक्सन लावून आकडे इथे टाकतो.